रॅले ट्वेंटी: नट आवळूनही हँडल पुन्हा पुन्हा का हलतं?

तक्रार बहुतेक अशीच असते. पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली 'टक्' वाजतं. वरचा नट आवळला की आवाज थांबतो, पण हँडल जड होतं आणि सायकल सरळ जायचं नाव घेत नाही. नट जरा सैल केला की टक्टक परत. थोडे दिवस बरे जातात, पाऊस पडतो, आणि सगळं पहिल्यापासून. मग कुणी सांगतं, चिमटाच (पुढचं चाक धरणारा फोर्क) बदल, बीएमएक्सचा, म्हणजे कसरतीच्या सायकलचा, बसेल. दुसरा म्हणतो, स्टेम, म्हणजे हँडल धरणारा दांडा, नवीन लाव. दोन्ही करून झाल्यावरही टक्टक राहिलेली सायकल मी पाहिली आहे.

इथे इंग्लंडात जुन्या बाजारात ट्वेंटी, ही रॅलेची लहान चाकांची जुनी सायकल, अजून सहज मिळते. आपल्यापैकी बरेच जण ती घेतात, काही जण परत जाताना भारतात नेतातही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. स्टेम आणि चिमट्याचे बदल पुढे येतीलच, पण आधी मुळाशी जाऊ. नट आवळणं हा या दुखण्यावरचा उपायच नाही, कारण नट ज्या दिशेने दाबतो त्या दिशेला ही ढिलाई नसते.

सायकल कोणती आणि वेगळी कशी

१९६२ मध्ये ॲलेक्स मोल्टनने १६ इंची चाकांची, रबराच्या सस्पेन्शनची सायकल आणली आणि इंग्लंडात लहान चाकांचं वेड सुरू झालं. रॅलेने १९६५ मध्ये जाड टायरची आरएसडब्ल्यू काढली, १९६७ मध्ये मोल्टनचा सायकलचा धंदाच विकत घेतला आणि १९६८ मध्ये ट्वेंटी बाजारात आणली. सस्पेन्शन नाही, नखरे नाहीत. एक जाड मुख्य नळी, २० इंची चाकं, मागे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब (चाकाचा मधला तुंबा). नॉटिंगहॅममधून ती पुढे कितीतरी वर्षं निघत राहिली, ट्रायम्फ, बीएसए, फिलिप्स अशा नावांनीही विकली गेली. त्यामुळे तुमच्या सायकलवर रॅले लिहिलेलं नसलं तरी खालचं वर्णन जुळतंय का ते पाहा.

सर्वसाधारण सायकलच्या हेड ट्यूबमध्ये, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या आखूड उभ्या नळीत, वर आणि खाली, दोन्हीकडे वाटी आणि छर्रे असतात. ट्वेंटीत छर्रे फक्त खाली. वर छर्ऱ्यांऐवजी नायलॉनचा बुश आहे आणि चिमट्याची मान, म्हणजे स्टिअरर, थेट त्या बुशात फिरते. पुढचं सगळं रामायण या एका बुशापाशी येऊन थांबतं.

नटाने का भागत नाही

छर्ऱ्यांच्या वाटीला उतार असतो. वरून नट आवळला की छर्रे उतारावरून आत सरकतात आणि उभी व आडवी, दोन्ही ढिलाई एकदम जाते. बुशाचं तसं नाही. बुश म्हणजे एक भोक आणि त्यात फिरणारी नळी. भोक झिजून मोठं झालं की मान त्यात पुढेमागे हलणार. वरून कितीही दाब द्या, भोक लहान होणार नाही. नट आवळल्यावर आवाज थांबतो तो बुशाच्या वरच्या कडेवर घर्षण वाढल्यामुळे. मान पकडली जाते एवढंच. त्याच वेळी खालचे छर्रे वाटीत जोराने दाबले जातात, आणि काही महिन्यांत वाटीत प्रत्येक छर्ऱ्याच्या जागी बारीक खळगा पडतो. मग हँडल मधोमध आलं की 'खट्' करून बसतं, जणू तिथे खाच आहे. म्हणजे एक दुखणं होतं, त्याची दोन झाली.

पावसाचा संबंधही इथेच आहे. नायलॉन हवेतली ओल शोषतं आणि किंचित फुगतं. ओल्या दिवसांत बुश मानेला आवळतो, कोरड्या दिवसांत सोडतो. इथल्या ओल्या नोव्हेंबरात 'जड झालं' म्हणून सैल केलेला नट कोरड्या जूनमध्ये टक्टक करतो तो असा. जुना बुश झिजलेला असला की हा फरक आणखी जाणवतो.

बुशाची एक बाजू त्याच्या वतीनेही सांगायला हवी. नायलॉनच्या घर्षणामुळे हँडल किंचित जड राहतं आणि लहान चाकाची थरथर त्यात विरून जाते. छर्रे बसवल्यावर काही जणांना 'सायकल फारच चुळबुळी झाली' असं वाटतं ते यामुळेच. त्यावर पुढे येतो.

आधी ढिलाई कुठे आहे ते शोधा

हलतंय ते हेडसेटच (वाटी, छर्रे, बुश, नट हा सगळा संच), हे गृहीत धरू नका. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवणं ही सगळ्यांना माहीत असलेली चाचणी, पण ती एकटी फसवते. ब्रेकचा कॅलिपर स्वतःच्या बोल्टवर हलत असेल, ब्रेकचे रबर सैल असतील, पुढच्या हबचे कोन, म्हणजे छर्रे धरणारे निमुळते नट, ढिले असतील, तरी तसंच 'टक्' येतं.

म्हणून हे करा. एका हाताची दोन बोटं हेड ट्यूब आणि वरच्या नटाच्या फटीवर ठेवा आणि ब्रेक दाबून हलवा. फट उघडमीट होताना बोटाला कळते. मग चाक ९० अंश वळवा, ब्रेक दाबा आणि सायकल पुन्हा त्याच दिशेने ढकला. आता चाक आडवं आहे, त्यामुळे ब्रेकची आणि हबची पुढेमागे होणारी ढिलाई या दिशेला जाणवत नाही. तरीही फटीत हालचाल आली तर दोष हेडसेटचा. वळवल्यावर आवाज गेला तर आधी ब्रेकच्या बोल्टकडे आणि हबच्या कोनांकडे बघा, चिमटा उघडायची गरज नाही.

घडीची ट्वेंटी असेल तर मधला बिजागर तपासा. बिजागराच्या खिट्टीतली ढिलाई हँडलमध्ये हुबेहूब हेडसेटसारखी जाणवते. मागची सीट घट्ट धरून हँडल डावी-उजवीकडे पिरगाळा आणि नजर बिजागरावर ठेवा.

एवढं झाल्यावर वरचं आणि खालचं वेगळं करा. पुढचं चाक जमिनीपासून उचला, चिमटा खालच्या टोकांना धरून पुढेमागे ढकला. वरची फट हलली तर बुश झिजलाय. खाली, क्राउनजवळ (चिमट्याचे दोन पाय जिथे मानेला जुळतात तिथे) हललं तर छर्रे किंवा वाटी. शेवटी चाक उचललेलंच ठेवून हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध खट् करून थांबलं तर वाटीत खळगे पडलेत, आणि तिला ग्रीसने बरं वाटणार नाही. वाटी, क्राउनवरची रेस (छर्रे फिरतात ते कडं) आणि छर्रे तिन्ही बदलायचे.

पहिला उपाय: नवा बुश

माझ्या मते शंभरातल्या बहुतांश ट्वेंटींना एवढंच पुरतं. मूळ चिमटा ठेवायचा, खाली नवे छर्रे, वर नवा बुश.

छर्रे काढताना खाली पांढरं फडकं अंथरा. जुन्या छर्ऱ्याचा व्यास मोजा. एक इंची हेडसेटमध्ये साधारणपणे ५/३२ इंची म्हणजे जेमतेम ४ मिमीचे असतात, पण आधीच्या मालकाने काय भरलंय याचा भरवसा नाही. पिंजऱ्यातले काढून सुटे छर्रे भरले तर जास्त बसतात आणि भार वाटला जातो. वाटी पूर्ण भरेल इतके ठेवून एक काढून घ्यायचा, म्हणजे ते एकमेकांना घासत नाहीत. जुने आणि नवे मिसळू नका, व्यासात केसाएवढा फरक असला तरी सगळा भार मोठ्यांवर येतो.

बुश नवीन मिळाला तर उत्तम, पण जुन्या साठ्यातला नायलॉनचा बुश घेण्यापेक्षा लेथवर ॲसिटलचा (हे एक टणक प्लास्टिक) करून घ्यावा असं मला वाटतं. ॲसिटल पाणी फारच कमी पितं, त्यामुळे पावसाळी जडपणा जातो. आतला व्यास मानेच्या प्रत्यक्ष मापापेक्षा ०.०५ ते ०.१ मिमी मोठा, बाहेरचा हेड ट्यूबमध्ये हाताच्या अंगठ्याने ढकलून न जाता हलक्या ठोक्याने बसेल असा. 'प्रत्यक्ष माप' यावर जोर आहे. मान नावाला एक इंच, २५.४ मिमी, पण पन्नास वर्षं बुशात फिरून जिथे घासली आहे तिथे ती कमी भरते आणि बऱ्याचदा पुढच्या-मागच्या बाजूला जास्त झिजलेली असते. दोन दिशांना मोजा. दोन मापांत ०.२ मिमीहून जास्त फरक असेल तर नवा बुशही लवकर हलेल. अशा वेळी चिमटा बदलायचा विचार करायला हरकत नाही.

इंग्लंडात एका बुशासाठी लेथ चालवणारा माणूस शोधणं हेच मोठं काम आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत चहा संपायच्या आत हा बुश तयार होईल. तिकडे जाणार असाल तर मापं लिहून आणि शक्य तर मानच सोबत घेऊन जा. टर्नरला कागदावरच्या मापापेक्षा हातातली वस्तू जास्त सांगते.

आणि नट? नवा बुश बसल्यावर नट फक्त उभी ढिलाई काढण्यापुरता. हँडल सोडलं की चाक स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडलं पाहिजे. त्याहून घट्ट नको.

आट्यांचा घोळ

नट बदलायला जाल तर इथे अडकाल. बाजारातल्या एक इंची हेडसेटचे आटे इंचाला २४ असतात. रॅलेने स्वतःच्या सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले. २४ चा आटा १.०६ मिमीचा, २६ चा ०.९८ मिमीचा. फरक एका आट्याला ०.०८ मिमी, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नट पहिले दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने फिरतो आणि मग अडतो. तिथे लांब पाना लावला की आटे कापले गेलेच. हाताने पूर्ण खालपर्यंत जाणारा नट तेवढाच आपला. पानाच्या जोरावर जाणारा नाही. शंका असेल तर आट्यांचा गेज लावा, किंवा माहीत असलेल्या रॅले बोल्टचे आटे मानेच्या आट्यांत आडवे टेकवून उजेडात धरा. जुळत नसतील तर मधून उजेड दिसतो.

२६ च्या मानेवर २४ चा डाय (आटे पाडायचं अवजार) फिरवून 'नवे आटे पाडून देतो' असं कुणी म्हणाला तर सायकल घेऊन तिथून निघा. एकावर एक दोन मापं कापली की दोन्हीतलं काहीच उरत नाही.

दुसरा उपाय: वर खरोखरीचे छर्रे

ज्यांना हलकं, मोकळं हँडल हवं त्यांच्यासाठी हा मार्ग. बुश काढून वर वाटी बसवायची आणि मानेवर आट्यांची रेस फिरवून तिच्याखाली छर्रे. हे भाग काढून घ्यायला जुनी रॅलेची तीन गिअरची मोठी सायकल उत्तम. तिच्या रेसचे आणि नटाचे आटेही २६ चेच असतात, त्यामुळे वरचा घोळ आपोआप टळतो.

दोन गोष्टी आधी मोजायच्या. पहिली, हेड ट्यूबच्या तोंडाचा आतला व्यास आणि वाटीच्या बुडाचा व्यास. सायकलींच्या दुनियेत इथे ३०.२ मिमी आणि ३०.० मिमी अशी दोन नेहमीची मापं आहेत, जुन्या बीएमएक्सची तिसरीच. ०.२ मिमी हा इथे मोठा फरक आहे. सैल वाटी पत्र्याची चकती घालून बसवलेली मी पाहिली आहे, पण ती पुन्हा टक्टकच करते. दुसरी गोष्ट, आटे किती खाली येतात. बुशवाल्या रचनेला वर थोडेसे आटे पुरतात. रेस फिरवायची तर ते आणखी खाली लागतात. त्यासाठी एक इंची २६ चा डाय हवा, तो सगळ्यांकडे नसतो, जुन्या सायकली सांभाळणाऱ्या फ्रेमवाल्याकडेच विचारावं लागतं.

आटे खाली वाढवले की एक धोका जन्माला येतो, आणि तो स्टेम बसवेपर्यंत दिसत नाही. आटे पाडलेली नळी तिथे पातळ होते. स्टेमला मानेत आतून आवळणारी पाचर त्या पातळ भागात फुगली तर मान आतून ताणली जाते आणि आट्याच्या तळाशी तडा जातो. म्हणून पाचर आट्यांच्या पुरती खाली बसली पाहिजे. मूळ आट्यांसाठी पुरेसा लांब असलेला स्टेम वाढवलेल्या आट्यांसाठी आखूड पडू शकतो. हा उपाय करताना स्टेम आधी निवडा, आटे नंतर पाडा.

चिमटाच बदलायचा असेल तर

मान वाकलेली किंवा फार झिजलेली आहे, ४०६ मापाची (रिमचा व्यास ४०६ मिमी) चाकं लावायची आहेत, पुढे चांगला ब्रेक हवाय, अशी ठोस कारणं असतील तर जरूर. 'बीएमएक्सचा बसेल' हे मात्र अर्धसत्य आहे. हल्लीच्या बीएमएक्स चिमट्यांची मान १ १/८ इंची असते, ती एक इंची हेडसेटमधून जाणारच नाही. जुन्या एक इंची बीएमएक्सची मान जाते, पण ती बीएमएक्सच्या आखूड हेड ट्यूबसाठी कापलेली असते. खरेदीआधी आपली हेड ट्यूब मोजा, त्यात हेडसेटच्या वरच्या-खालच्या भागांची उंची मिळवा आणि विक्रेत्याला क्राउनपासून मानेच्या टोकापर्यंतचं माप विचारा. कमी भरत असेल तर चिमटा सोडून द्या. मानेला तुकडा जोडून वेल्डिंग करून घेणं हा जुगाड नाही, दात पाडून घ्यायची तयारी आहे. फ्रेम बांधणारा कारागीर पूर्ण नवी मान ब्रेझ करून देतो, तो मार्ग खर्चिक पण बरोबर.

त्या जुन्या बीएमएक्स मानेत आणखी एक काटा लपलेला असतो. तिचा आतला व्यास २१.१ मिमी असतो. साध्या एक इंची मानेचा २२.२. तुमचा छान २२.२ चा स्टेम तिच्यात जाणार नाही, आणि ॲल्युमिनियमचा स्टेम कानसून बारीक करणं हे मी कुणालाही सुचवणार नाही. क्राउनवरच्या रेसचीही दोन मापं, २६.४ आणि २७.०. तीसुद्धा व्हर्नियरनेच ठरवायची.

आता चालीबद्दल. हँडल फिरतं ती रेष जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या जागेच्या थोडी पुढे पडते. हे अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त तर सायकल सरळ राहायला बघते, कमी तर हँडल चपळ, प्रसंगी उतावीळ. लहान चाकात ट्रेल मुळातच कमी असतो. हिशेब करून पाहा. हेड अँगल ७२ अंश, चाकाची त्रिज्या २६० मिमी आणि चिमट्याचा पुढे झुकाव, म्हणजे ऑफसेट, ५० मिमी धरला तर ट्रेल ३२ मिमीच्या आसपास येतो. त्याच जागी ३२ मिमी ऑफसेटचा सरळसोट बीएमएक्स चिमटा लावला तर ५१. तुलनेसाठी, मोठ्या ७०० च्या चाकाला ३४० त्रिज्या आणि ४५ ऑफसेटवर ६३ येतो. म्हणजे कमी ऑफसेटचा चिमटा लहान चाकाला उलट स्थिर करतो. तुमचा अँगल आणि त्रिज्या वेगळी असेल. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करून फोनचं कोन मोजणारं ॲप हेड ट्यूबला टेकवा आणि आपला आकडा काढा. सूत्र सोपं आहे: त्रिज्या गुणिले कोनाची कोसाइन, त्यातून ऑफसेट वजा, आणि भागिले त्याच कोनाची साइन.

चिमट्याची उंचीही त्यात हात घालते. नवा चिमटा १० मिमी उंच असेल तर हेड अँगल साधारण अर्ध्या अंशाने ढळतो. तेवढं खपून जातं. ३० मिमी उंच असेल तर सायकल मागे रेलल्यासारखी वाटते आणि पेडलही वर जातात.

मूळ चिमट्यातच नवं चाक घालणाऱ्यांनी आस, म्हणजे ॲक्सल, बघावी. जुन्या ब्रिटिश चिमट्याच्या टोकांमधलं अंतर ९० मिमीच्या आसपास असतं, हल्लीचा हब १०० मिमीचा. जुनी आस ५/१६ इंच, म्हणजे ८ मिमीला जरा कमी. नवी ९. स्टीलचा चिमटा सावकाश फाकवता येतो, पण दोन्ही बाजू सारख्या फाकल्या पाहिजेत आणि टोकं पुन्हा समांतर करावी लागतात, नाहीतर आस तिरकी आवळली जाऊन काही काळाने तुटते. खाच रुंद करताना कानस खाचेच्या दोन्ही भिंतींना सारखी लावा, तळाला लावू नका. तळ एका बाजूला जास्त खाल्ला की चाक कायमचं तिरकं बसतं.

४५१ ची चाकं काढून ४०६ ची लावली तर रिम ब्रेकच्या बोल्टपासून २२.५ मिमी दूर जाते. मोह होतो, कारण ४०६ मध्ये टायर भरपूर मिळतात आणि ॲल्युमिनियमची रिम पावसात क्रोमच्या स्टील रिमपेक्षा कितीतरी चांगली थांबते. पण आधी बोल्टच्या मध्यापासून नव्या रिमच्या ब्रेकपट्टीपर्यंत मोजा. टेक्ट्रोचा आर ५५९ हा लांब हातांचा कॅलिपर ५५ ते ७३ मिमीपर्यंत पोचतो. त्यापलीकडे असेल तर चिमटा बदलणं किंवा ४५१ मध्येच ॲल्युमिनियमची रिम बांधून घेणं बरं. मी स्वतः दुसरं निवडेन.

स्टेम

मूळ स्टेम उंच आणि जवळजवळ सरळ. पुढे पोहोच फारच कमी. पाच फूट सहा इंचांवरच्या माणसाला हँडल छातीशी आल्यासारखं वाटतं, वळताना गुडघा लागतो. स्टेम वर उचलून हे सुटत नाही, उलट बिघडतं. हेड ट्यूब मागे झुकलेली असल्याने ७२ अंशांवर स्टेम ५० मिमी वर घेतला की हँडल १५ मिमी मागे येतं.

आधी जुना काढायचा. वरचा बोल्ट चार-पाच फेरे सैल करा, काढू नका, आणि त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका. पाचर खाली पडली की बोल्ट लटपटतो. तरी स्टेम फिरत नसेल तर गंज. आत झिरपणारं तेल वरून आणि खालून, चिमटा उलटा करून मानेच्या भोकातूनही सोडा आणि रात्रभर थांबा. ब्लोलॅम्प आणू नका. वर नायलॉनचा बुश आहे, तो स्टेमच्या आधी सुटेल.

नवीन घेताना दोन मार्ग. एक, लांब दांड्याचा जुन्या पद्धतीचा स्टेम. निट्टो टेक्नोमिकचा २२.२ मिमीचा दांडा साधारण २२५ मिमी लांब असतो, तो ट्वेंटीसारख्या बुटक्या पुढच्या भागाला शोभतो आणि पुरतोही. दुसरा, २२.२ मिमीचा ॲडॅप्टर मानेत बसवून त्याच्यावर आजकालचा १ १/८ इंची स्टेम. हा स्वस्त, पोहोच हवी तेव्हा बदलता येते. पण ॲडॅप्टर बहुतेक आखूड असतात. त्यावर कमीत कमी घुसवण्याची खूण असते, ती मानेत पूर्ण बुडालीच पाहिजे आणि पाचर आट्यांच्या खाली. दोन्ही अटी पाळून हँडल हवं तेवढं वर येत नसेल तर पहिला मार्ग.

दांडा फार खोल घातला तरी गोंधळ होतो. मानेची नळी खालच्या टोकाला आतून जाड होत जाते. पाचर त्या उतारावर बसली तर तिची अर्धीच बाजू टेकते, बोल्ट कितीही आवळा, खड्ड्यातून गेल्यावर हँडल चाकाशी तिरकं. 'स्टेम सारखा फिरतो' या तक्रारीमागे हे कारण अनेकदा असतं आणि दोष पाचरीला दिला जातो. बारीक काठी मानेत घालून जाडी कुठे सुरू होते ती खूण आधी घेऊन ठेवा.

हँडलच्या नळीचा व्यास हा तिसरा सापळा. जुन्या ब्रिटिश स्टीलच्या हँडलला मध्यभागी २३.८ मिमीही सापडतो. नव्या स्टेमला २५.४, २६.० किंवा ३१.८ लागतो. २५.४ च्या स्टेममध्ये २३.८ चं हँडल पत्रा गुंडाळून बसवण्यापेक्षा दोन्ही एका मापाचे घ्या. पकडायच्या मुठी ड्रॉप नसलेल्या साध्या हँडलला २२.२ च्याच असतात, त्यामुळे ब्रेकचे लीव्हर आणि गिअरचा ट्रिगर नव्या हँडलवर जसेच्या तसे येतात.

दांड्याला ग्रीस लावूनच घाला. आवळल्यावर पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल जोराने वळवा. थोडा प्रयत्न करून ते सरकलं पाहिजे, सहज नको. दगडासारखं घट्ट करून मान फुगवण्यापेक्षा, पडल्यावर वळून जाणारं हँडल बरं.

नंतर थरथर सुरू झाली तर

छर्रे बसवले, हँडल मोकळं झालं, आणि एक हात सोडला की पुढचं चाक थरथरू लागलं. आधी मागच्या-पुढच्या चाकाची रिम सरळ आहे ना, टायर नीट बसलाय ना, हबचे कोन ढिले नाहीत ना, हे पाहा. सगळं ठीक असेल तर बुश जे घर्षण देत होता ते आता नाही, एवढंच कारण उरतं. हँडलवरची टोपली काढून वजन मागच्या कॅरिअरवर न्या. उंच स्टेमवर पुढे लटकलेलं वजन या थरथरीला खतपाणी घालतं. तरी नाही थांबलं तर ॲसिटलचा बुश परत बसवायचा, त्यात कमीपणा काही नाही.

केबल विसरू नका

स्टेम उंच झाला किंवा पुढे गेला की जुन्या केबल ताणल्या जातात. ब्रेकचं लगेच कळतं, कारण हँडल वळवलं की ब्रेक आपोआप लागतो. गिअरचं कळत नाही, आणि तेच जास्त वाईट. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या एडब्ल्यू हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा आहे, तिथे पेडल नुसतं फिरतं. केबलचं माप चुकलं की चढावर उभं राहून जोर लावताना हब नेमका त्या जागेत घसरतो आणि माणूस नळीवर आदळतो.

म्हणून लांब बाहेरचं आवरण आणि लांब केबल नवीनच घाला. मग ट्रिगर दुसऱ्या गिअरवर ठेवा, उजव्या बाजूच्या लांब नटाला जे भोक असतं त्यातून आत बघा. साखळीला जोडलेल्या बारीक सळईचा खांदा आसेच्या टोकाशी बरोबर जुळला पाहिजे. कमी-जास्त असेल तर साखळीजवळचा बॅरल फिरवून जुळवा आणि त्याचा छोटा नट आवळा. आता हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून दोन्ही वेळा त्याच भोकातून पुन्हा बघा. खांदा जागचा हलत असेल तर केबल अजून आखूड आहे.